लहान मुलांना घेऊन जुनं ठाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या नौपाड्यातल्या घरी फोन सुरू होतात. नणंद साताऱ्याहून, मावसभाऊ नाशिकहून, ऑफिसातल्या मैत्रिणी वाशी-नेरूळहून. प्रश्न एकच, "मुलांना घेऊन यायचंय, ठाण्यात काय दाखवशील?" तीच उत्तरं दरवेळी देऊन तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. माझी मुलं नऊ आणि पाच वर्षांची आहेत, त्यामुळे सल्ला त्याच वयाच्या आसपासचा आहे. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला यातलं काही रुचेल याची हमी नाही.

ठाण्यात बघण्यासारखं आहे तरी काय? मॉल सोडून?

हा प्रश्न ठाणेकरच जास्त विचारतात. गंमत म्हणजे त्यांची रोजची जा-ये ह्याच सगळ्यावरून चाललेली असते. ठाणं हे उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचं श्रीस्थानक. तेराव्या शतकातल्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात 'ताना' म्हणून त्याचा उल्लेख येतो. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतलं, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. आणि १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी ह्याच गावापर्यंत आली.

अडचण एवढीच की दाखवायला ताजमहाल नाही. जे आहे ते वापरात आहे. देवळात पूजा चालते, किल्ल्यात तुरुंग आहे, ऐतिहासिक स्टेशनात आपण पाय तुडवून घेतो. तिकीटखिडकी आणि माहितीफलक शोधत आलात तर हिरमोड होईल. गोष्टी सांगत चालायची तयारी असेल तर मात्र दिवस पुरणार नाही.

एका दिवसात किती ठिकाणं होतात?

तीन. फार तर चार, त्यातलं एक बसून खायचं.

हे अनुभवाने सांगते. पहिल्यांदा नणंदेची मुलं आली तेव्हा मी उत्साहाने सात ठिकाणांची यादी केली होती. सकाळी उपवन, मग कौपिनेश्वर, मग घोडबंदरचा किल्ला, संध्याकाळी खाडी वगैरे. घोडबंदर रोडवर रिक्षा तासभर एकाच जागी उभी राहिली. धाकट्या भाच्याला उलटी झाली, माझ्या मुलीने रडून आकाश डोक्यावर घेतलं, आणि किल्ल्यावर पोचलो तेव्हा मोठ्या माणसांचं आपसात बोलणं बंद झालं होतं. मुलांना त्या दिवसातलं आजही आठवतं ते फक्त बर्फगोळ्याचं दुकान.

तेव्हापासून माझा नियम असा की स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत (म्हणजे मासुंदा तलाव) आणि तिथून टेंभी नाक्यापर्यंत, एवढ्याच टापूत फिरायचं. सगळं चालत. लांबची ठिकाणं वेगळ्या दिवशी, एकेक करून.

मग दिवसाचा क्रम कसा ठेवायचा?

साडेआठ-नऊला स्टेशनवर उतरा. पहिल्या गाडीची गोष्ट फलाटावरच उरका. बाहेर पडून चालत तलावपाळी, वाटेत किंवा पोचल्यावर नाश्ता. मग कौपिनेश्वराचं दर्शन, जांभळी नाक्याचा बाजार, तलावाकाठी बसून शिलाहारांची गोष्ट. ऊन चढेपर्यंत टेंभी नाक्याकडे. एकच्या आत जेवण. नंतर कुणाच्या घरी आडवं व्हायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर गडकरी रंगायतनला त्या दिवशी बालनाट्य आहे का ते आधीच पेपरात बघून ठेवा. हे नाट्यगृह १९७८ पासून तलावाच्या काठावर उभं आहे. दुपारच्या उन्हात दोन तास अंधारात बसणं मुलांइतकंच आपल्यालाही मानवतं. संध्याकाळी पुन्हा तलाव, बोटिंग, आणि परत.

ट्रेनने यावं की गाडीने?

ट्रेनने. ह्या सहलीत रेल्वे हे नुसतं वाहन नाही, तेच पहिलं प्रेक्षणीय स्थळ आहे.

नवी मुंबईकरांनी ट्रान्सहार्बरने यावं. वाशी किंवा पनवेलकडून येणारी गाडी फलाट ९-१० वर लागते आणि रविवार सकाळी बसायला जागा मिळते. मात्र रविवारीच मेगाब्लॉकही असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद. तो शनिवारच्या पेपरात बघितल्याशिवाय मुलांना वचन देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट. बायका मुलांना घेऊन येत असतील तर महिला डबा बरा, बारा वर्षांखालचा मुलगा तिथे बरोबर चालतो. (आमचे चिरंजीव नववं लागल्यापासून तिथे चढायला लाजतात, तो प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा.)

गाडीच आणायची असेल तर गावदेवी मैदानाखाली पार्किंग आहे. सकाळी लवकर या. राम मारुती रोड आणि गोखले रोडला गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

पहिल्या रेल्वेचं स्टेशनवर नेमकं काय दिसतं?

खरं सांगायचं तर दिसत फारसं काही नाही. सांगायचंच आहे. आणि ही गोष्ट गर्दीच्या फलाटावर, समोरून गाडी धडधडत जात असतानाच सांगावी. घरी सोफ्यावर सांगितली तर तिचं पाणी होतं.

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीहून, गाडी सुटली. १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे. निघताना २१ तोफांची सलामी. डबे ओढायला तीन इंजिनं, आणि त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. हा तपशील मुलांना जिंकून घेतो. इंजिनाला नाव असतं म्हटल्यावर माझ्या मुलीने तिथल्या तिथे कल्याण लोकलचं बारसं केलं. ३४ किलोमीटरचा प्रवास, तास-सव्वा तासात गाडी ठाण्यात. आज सीएसएमटीहून फास्ट लोकलला पाऊण तास लागतो हे सांगितलं की थोरला म्हणतो, "म्हणजे एवढ्या वर्षांत एवढाच फरक?" ह्यावर मध्य रेल्वेचा रोजचा प्रवासी काय उत्तर देणार!

मुलं थोडी मोठी असतील तर पुढचाही भाग सांगा. गाडी ठाण्यात का थांबली? कारण पुढे खाडी. तिच्यावर पूल बांधून १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत नेले. म्हणजे ठाणं हे वर्षभर देशातल्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं.

एक सूचना. ही गोष्ट फलाट २-३ च्या मधोमध उभं राहून सांगू नका. जिना सोडून फलाटाच्या टोकाला, भिंतीला टेकून. एका मोठ्या माणसाने सांगायचं, दुसऱ्याने मुलांचे हात धरायचे. अदलाबदल नाही.

कौपिनेश्वराच्या देवळात मुलांना काय दाखवायचं?

आधी पिंड. मुलांनी घराच्या देव्हाऱ्यात वीतभर पिंड बघितलेली असते. इथली बघून ती एकदम गप्प होतात. महाराष्ट्रातल्या मोठ्या शिवलिंगांत हिची गणना होते. देवस्थान शिलाहारकालीन समजलं जातं. आताचं देऊळ पेशवाईतलं, १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारलेलं. आवारात इतर देवांची छोटी देवळं आहेत. मुलांना कोणता देव कुठे आहे ते शोधायला लावा, पंधरा मिनिटं तुम्हाला शांतता मिळते.

सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र टाळा. भाविक म्हणून येणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मुलांना दाखवायला म्हणून येत असाल तर त्या दिवशी त्यांना लोकांच्या पाठी तेवढ्या दिसतील.

बाहेर पडलं की जांभळी नाका. भाजी, फुलं, पूजेचं सामान, भांडी, एकाला एक लागून. ह्या बाजारात मुलाला दहा रुपये देऊन काहीतरी स्वतः घ्यायला सांगा. आमच्या धाकटीने गेल्या वेळी झेंडूची दोन फुलं आणि फुकटची एक मिरची आणली.

ठाण्यात खरंच साठ तलाव होते का?

शिलाहारांनी साठ तलाव आणि साठ देवळं बांधली असं म्हणतात. मोजायला आपण नव्हतो. पण आजही तिशीच्या वर तलाव शहरात आहेत. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर. तलावांचं शहर हे नाव त्यावरूनच. मासुंदा म्हणजेच तलावपाळी. रिक्षावाल्याला मासुंदा म्हणालात तर तो एक क्षण तुमच्याकडे बघेल, तलावपाळी म्हणा.

मुलांना तलाव म्हणजे बोटिंग. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पायही ठेवायचा नाही, मूल कितीही कुरकुरलं तरी. सकाळी तलाव शांत असतो, संध्याकाळी दिवे लागतात आणि जत्रा असते. रविवारी संध्याकाळी तर अख्खं ठाणं तिथे असतं. लहानग्यांसाठी शनिवार बरा.

शिलाहार म्हणजे कोण, हे मुलांना कसं सांगायचं? सनावळ्या सांगितल्या की ती पळतात.

सनावळ्या सांगूच नका. नावाची गोष्ट सांगा.

जीमूतवाहन नावाचा एक राजपुत्र होता, विद्याधरांच्या कुळातला. एक दिवस त्याला एक आई रडताना दिसली. नागांनी गरुडाशी करार केला होता की रोज एक नाग एका शिळेवर येऊन बसेल आणि गरुड त्याला खाईल. त्या दिवशी त्या आईच्या एकुलत्या मुलाची, शंखचूडाची पाळी होती. जीमूतवाहन म्हणाला, तू घरी जा, आणि स्वतः शिळेवर जाऊन बसला. गरुड आला, खायला लागला, तरी हा हू की चू करीना. गरुडाच्या लक्षात आलं की हा नाग नव्हे. मग त्याला लाज वाटली आणि नागांना खाणं त्याने कायमचं सोडलं. शिळेवर आहार झाला तो शिलाहार. ठाण्याचे राजे स्वतःला त्या जीमूतवाहनाच्या वंशातले म्हणवत, आणि त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असे.

ही गोष्ट तलावाच्या कठड्यावर बसून सांगितली की समोर घार हमखास घिरट्या घालत असते. तिला गरुड म्हणून खपवायला माझी हरकत नाही.

मोठ्यांसाठी एक जोड. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खणताना ताम्रपट सापडला, शिलाहार राजा अरिकेसरीचा, १०१७ सालचा. त्यात श्रीस्थानकाचा उल्लेख आहे. म्हणजे ह्या गावचं नाव तांब्यावर कोरून हजार वर्षं उलटून गेली.

ठाण्याचा किल्ला कुठे आहे? आत जाता येतं का?

नाही. किल्ला म्हणजेच ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, तो पुरा होतोय तोवर मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि तो अजून तुरुंगच आहे. बाहेरच्या रस्त्यावरून जाताना भिंत दिसते. तिथे रेंगाळू नका, फोटो काढू नका. दोन मिनिटं चालता चालता बघायचं आणि गोष्ट पुढच्या झाडाखाली सांगायची.

आणि गोष्ट अशी आहे की किल्ल्यात शिरायला मिळालं नाही याचं दुःख उरत नाही.

दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, त्या प्रकरणात इंग्रजांनी त्याला पेशव्याकडून मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहाऱ्याला मुद्दाम सगळे गोरे शिपाई. हेतू हा की इथला कुणी माणूस फितूर व्हायला नको. पण त्या हुशारीतच गोम होती. त्र्यंबकजीच्या कोठडीजवळ एक मोतद्दार घोड्याला खरारा करायला येई आणि काम करताना मराठीत गाणी म्हणे. गोऱ्यांना वाटे, गातोय बिचारा. त्या गाण्यांत सुटकेचा सगळा बेत होता, कुठे घोडा उभा असेल, कुठे माणसं दबा धरून असतील. सप्टेंबर १८१६ मधल्या एका अंधाऱ्या पावसाळी रात्री भिंतीला भोक पाडून त्र्यंबकजी निसटला.

मुलांना पहिला प्रश्न पडतो, "गाणं कोणतं होतं?" तिथे मी त्यांनाच गाणं करायला सांगते. एकाने कैदी व्हायचं, एकाने मोतद्दार, आणि बाबांनी गोरा शिपाई. मोतद्दाराने गाण्यातून सांगायचं की खाऊ कुठल्या पिशवीत लपवलाय. शिपायाला कळलं तर खाऊ जप्त. आमच्याकडे हा खेळ त्या दिवसानंतर महिनाभर चालला. इंग्लिश मीडियमच्या दोन पोरांनी इतकं अवघड मराठी स्वखुशीने वापरलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्र्यंबकजी १८१८ मध्ये पुन्हा पकडला गेला आणि त्याला उत्तरेत चुनारच्या किल्ल्यात ठेवलं. हे विचारलं तरच सांगावं.

अनंत कान्हेरेंची फाशीही इथलीच ना? ती लहान मुलांना सांगावी का?

इथलीच. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळी घालणारे अनंत कान्हेरे, आणि त्यांच्यासोबत कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे, यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते.

माझं मत, पाच वर्षांच्या मुलीला नको. थोरल्याला मी सांगितली, आठ पूर्ण झाल्यावर, भिंतीकडे बोट न दाखवता, घरी रात्री. त्याने एवढंच विचारलं, "अठरा म्हणजे शेजारच्या दादाएवढे?" शेजारचा दादा तेव्हा बारावीला होता. मी हो म्हटलं. पुढे तो काही बोलला नाही आणि मीही नाही. तुमचं मूल तुम्हाला माहीत.

चर्च आणि सिनेगॉग बाहेरच्यांना बघता येतात का?

तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळाची आठवण सांगतं. प्रार्थनेची वेळ सोडून, शांतपणे, विचारून आत जावं. ख्रिस्ती धर्माचा ठाण्याशी संबंध पोर्तुगीजांच्याही आधीचा आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक इथे मारले गेले आणि नंतर आलेला ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. मुलांना यातलं फक्त इटली, ठाणे, चीन असा प्रवास गमतीचा वाटतो. बोटांनी पृथ्वीगोलावर दाखवायला बरा.

सिनेगॉगची गोष्ट त्यांना जास्त भावते, कारण ती घरासारखी आहे. टेंभी नाक्याच्या बाजूला असलेलं शार हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ मधलं. बेने इस्रायली ह्या मराठी ज्यू समाजाचं. त्यांच्यात परंपरेने सांगतात की त्यांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला, गलबत फुटून आले. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. घरात मराठी, आडनावं पेणकर, नागावकर, रोहेकर. आपल्या वर्गातल्या मुलांसारखी आडनावं असलेले लोक हिब्रूत प्रार्थना करतात, हे कळल्यावर थोरल्याचे डोळे मोठे झाले होते.

शनिवार त्यांच्या प्रार्थनेचा वार, तो सोडा. इतर दिवशीही आधी परवानगी विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा, डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल घ्या. आत सोडलं नाही तर वाद घालू नका. बाहेरून बघूनही गोष्ट सांगता येते.

बाबागाडी आणू का?

नको. फुटपाथ कुठे आहे, कुठे नाही आणि जिथे आहे तिथे कुणाचं तरी दुकान मांडलेलं. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर कडेवर किंवा पुढे बांधायची झोळी.

नाश्ता-जेवण कुठे? मुलं मिसळ खातील का?

मामलेदार मिसळीचं नाव ऐकून सगळे येतात आणि मुलांना तिखट लागलं की खापर माझ्यावर. ती मिसळ तिखटच आहे, तिचा लौकिकच तो. जायचं असेल तर मोठ्यांनी जावं, मुलांसाठी कमी तिखट सांगावी, ताक आधी मागवावं आणि मुलांना फरसाण-पाव द्यावा. वडापावच्या बाबतीत घरात दोन तट आहेत. माझा पक्ष नौपाड्यातल्या गजानन वडापावचा, तिथली बेसनाची पिवळी चटणी मुलंसुद्धा मिटक्या मारत खातात. नवऱ्याचा पक्ष कुंजविहारचा, कारण तिथला वडा आकाराने भला मोठा. एक घेऊन दोन मुलांत वाटला तरी चालतो.

जेवणाला साधी थाळी देणारी खानावळ निवडा आणि एकच्या आत बसा. रविवारी दीडनंतर दारात नावं लिहून थांबावं लागतं. भुकेलं मूल आणि प्रतीक्षा यादी ह्यांची गाठ घालून देऊ नये.

शौचालयाचं काय?

कुणीच विचारत नाही आणि सगळ्यांची सहल इथेच अडते. खाण्यासाठी जिथे बसाल तिथे, लागली नसली तरी, मुलांना नेऊन आणा. बाजारात शिरायच्या आधी पुन्हा एकदा. पिशवीत सुट्टे पैसे, टिश्यू आणि लहानग्यासाठी एक जादा चड्डी. बस.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात यायचंच असेल तर अकरा ते चार बाहेर राहू नका, घामाने मुलं मलूल होतात. पावसाळ्यात तलाव सुंदर दिसतो, पण स्टेशनबाहेर पाणी आणि लोकल ठप्प, ही जोडी कधीही उगवते.

गुढीपाडव्याची शोभायात्रा मात्र मुद्दाम बघावी. कौपिनेश्वराची पालखी, लेझीम, ढोल, नऊवारीतल्या बुलेटवाल्या. लहान मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. टेंभी नाक्याची नवरात्रातली देवीही बघण्यासारखी, पण रात्रीची गर्दी पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून कशी दिसते ते एकदा खाली बसून बघा, मग ठरवा.

फ्लेमिंगो त्याच दिवशी होतील का?

होणार नाहीत, करूही नका. फ्लेमिंगोंसाठी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठावं लागतं. नवी मुंबईकरांना ते आणखी जवळ. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. पक्षी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात, थंडी सरताना जास्त. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, आपल्या सोयीवर नाही, म्हणून आधी नोंदणी करून, वेळ विचारूनच निघा. मुलांना निघण्यापूर्वी सांगून ठेवा की पक्षी लांब असतील. पुस्तकातल्यासारखा फ्लेमिंगो हातभर अंतरावर उभा राहील असं समजून आलेला माझा भाचा परत येईपर्यंत फुरंगटून बसला होता. दुर्बीण असेल तर तंटा मिटतो.

घोडबंदर, येऊर, अंबरनाथ?

तिन्ही वेगवेगळ्या दिवशी.

घोडबंदरच्या किल्ल्याचं नावच मुलांना आवडतं. घोडे उतरवायचं बंदर, अरबस्तानातून घोडे यायचे म्हणून. पोर्तुगीजांचा किल्ला, पुढे मराठ्यांनी घेतलेला, वरून खाडीचं छान दृश्य. सकाळी सातला घरून निघा. दहानंतर त्या रस्त्यावर जाणं म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. त्याच रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरांची बाग, रविवारी सकाळी उघडी असते. पाच वर्षांच्या मुलांसाठी किल्ल्यापेक्षा ही बाग दहापट बरी.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. बिबट्याचं जंगल आहे, बागेसारखं वागू नका. उजाडल्यावर जा, ऊन चढायच्या आत परत या.

शिलाहारांचं खरंखुरं उभं काम बघायचं असेल तर अंबरनाथ. १०६० सालचं शिवमंदिर, भिंतींवर इतकं कोरीवकाम की हत्ती शोधा म्हटलं की मुलं अर्धा तास गुंततात. ठाण्याहून लोकलने थेट जाता येतं. मला विचाराल तर जीमूतवाहनाची गोष्ट तलावपाळीला सांगावी आणि पंधरा दिवसांत अंबरनाथ करावं. गोष्ट ताजी असते तोवर दगड बोलतो.

मूल मधेच बसकण मारून "कंटाळा आला" म्हणालं तर?

थांबा. यादीतलं पुढचं ठिकाण रद्द करा आणि तलावाच्या कठड्यावर बसून चणे-शेंगदाणे खा. आमच्या सर्वांत छान झालेल्या सहलीत सिनेगॉग आणि तुरुंगाची भिंत दोन्ही राहून गेली, कारण तलावात एक कासव दिसलं आणि दोघं तासभर ते पुन्हा वर यायची वाट बघत बसले. आलं नाही.

आजी-आजोबांना घेऊन यावं का?

जरूर, विशेषतः आजोबा जुने ठाणेकर असतील तर. माझे सासरे एक पायरी चढले की दोन गोष्टी सांगतात. वेळ दुप्पट धरा. गुडघे दुखत असतील तर स्टेशन ते तलाव रिक्षा करा. फार तर मराठी ग्रंथ संग्रहालयाशी त्यांना सोडा. १८९३ मध्ये वि. ल. भावे आणि मंडळींनी सुरू केलेलं हे ग्रंथालय. आजोबांना तिथे वर्तमानपत्र मिळतं आणि आपल्याला मुलांमागे पळायला मोकळीक.

खर्च किती येतो?

वर सांगितलेल्या टापूत तिकीट लागतं ते लोकलला, बोटीला आणि नाटकाला. बाकी सगळा खर्च तोंडातून आत जाणारा. बाजारात खेळणी घ्यायची नाहीत हे घरून निघतानाच ठरवा, नाहीतर फुगा, भिंगरी आणि साबणाचे बुडबुडे मिळून बोटीपेक्षा महाग पडतात.

परतीची गर्दी कशी टाळावी?

मुंबईकडे जाणाऱ्यांनी ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल धरावी. वेळ लागतो, पण बसायला मिळतं आणि मूल मुलुंड यायच्या आत मांडीवर झोपतं. वाशी-पनवेलवाल्यांचा प्रश्न नाही, त्यांची गाडी इथूनच सुटते. कल्याण-डोंबिवलीकडच्यांनी मात्र साडेपाचच्या आत फलाटावर असावं, आणि दारात नव्हे, खिडकीशी जागा मिळाली तरच मुलांना पुढचं सांगावं. गाडी सुटली की दोन-तीन मिनिटांत चाकांचा आवाज बदलतो. खाली ठाण्याची खाडी असते. सकाळी ज्या गाडीची गोष्ट सांगितली, ती ह्या पाण्यापाशी येऊन थांबली होती.